‘द गिव्हर’ मराठीत सांगताना: ‘रिलीज’ला काय म्हणायचं?

माडाच्या सावलीत

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात रविवारी दुपारी मी मुलांबरोबर पुस्तक वाचते. सातवी ते दहावीची अकरा मुलं. सध्या मासेमारीची बंदी, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, आणि पाऊस असा की क्रिकेटचं नाव काढायला नको. त्यामुळे एरवी वाचनालयाची पायरी न चढणारी दोन-तीन पोरंही आयती सापडलीत.

यंदा लोइस लाउरीचं ‘द गिव्हर’ घेतलंय. १९९३ चं पुस्तक, १९९४ ला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मोठा मान. कुमारांसाठीच्या डिस्टोपियन, म्हणजे वरून आदर्श पण आतून भयाण समाज रंगवणाऱ्या कादंबऱ्यांची पुढे जी लाट आली, तिच्या बरंच आधीचं. मी इंग्रजीतून एक परिच्छेद वाचते, तिथल्या तिथे मराठीत सांगते, आणि रात्री जमेल तेवढं लिहून काढते. त्यात अडकलेय, म्हणून हा धागा.

(शेवट कळायला नको असेल तर इथूनच मागे फिरा.)

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक वस्ती आहे. तिथे भूक नाही, भांडण नाही, टेकड्या नाहीत, ऋतू नाहीत, रंग नाहीत. मूल बारा वर्षांचं झालं की आयुष्यभराचं काम नेमून मिळतं. जोनासला मिळतं ते काम विचित्र आहे: साऱ्या वस्तीच्या वतीने जुन्या जगाच्या आठवणी एकट्याने सांभाळायच्या. एक म्हातारा त्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवतो आणि एकेक आठवण त्याच्यात उतरवतो.

या वस्तीत कुणाला मारत नाहीत, ‘रिलीज’ करतात. म्हाताऱ्यांना करतात, त्याआधी त्यांचा छान सोहळा होतो. नियम मोडणाऱ्यांना करतात. नीट न वाढणाऱ्या बाळांनाही करतात. पहिल्या दोन-चार पानांतच एक शिकाऊ वैमानिक वाट चुकून वस्तीवरून उडतो आणि ध्वनिक्षेपकावर सांगतात, त्याला अर्थातच रिलीज केलं जाईल. शब्द इतका गुळगुळीत आहे की आपणही त्यावरून घसरून पुढे जातो. पुस्तक संपत आल्यावर जोनास आपल्या बापाच्या कामाचं चित्रण बघतो. जुळी बाळं. बाप दोघांचं वजन करतो. हलकं असेल त्याच्या कपाळावरच्या शिरेत सुई. मग खोका, भिंतीतली झडप. आणि बाप लाडात म्हणतो, टाटा.

तर या ‘रिलीज’ला मराठीत काय म्हणू? पहिल्या रविवारी मी ‘मुक्ती’ म्हटलं. आठवीतली एक मुलगी लगेच, “म्हणजे मेला ना, बाई?” पान दुसरं! अख्खी कादंबरी त्या एका शब्दाच्या झाकणावर उभी आहे आणि मी ते झाकण पहिल्याच दिवशी उडवलं.

खाजणातला बगळा

वा, फार दिवसांनी असा धागा. मी रत्नागिरीला मराठी शिकवतो, तेव्हा आधी मास्तरकी करून घेतो. या प्रकाराला आपल्याकडे नाव आहे: पर्यायोक्ती, म्हणजे सरळ न सांगता आडवळणाने सांगणं. व्याकरणाच्या प्रत्येक पुस्तकात ठरलेलं उदाहरण, ‘त्याचे वडील सध्या सरकारी पाहुणचार घेत आहेत.’ मुलं पाठ करतात, एक गुण घेतात, विसरतात. हा अलंकार माणसाचा जीव घेऊ शकतो हे मात्र परीक्षेत कुणी विचारत नाही.

आता अडचण बघा. मराठी माणूस पर्यायोक्तीतच राहतो. आपण दिवा विझवत नाही, शांत करतो. दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ वाढवतो. बांगडी फुटली तर वाढली म्हणतो. घरातून निघताना ‘जातो’ म्हटलं तर आजी धपाटा घालते, ‘येतो म्हण’. अशुभावर पांघरूण घालायची आपल्याला जन्मजात सवय, आणि म्हणूनच पांघरुणाखाली काय आहे ते आपल्याला लगेच कळतं. तुमची आठवीतली मुलगी हुशार आहेच, पण ती मराठीही आहे.

‘सुटका’ तर मुळीच नको. दीर्घ आजारी माणूस गेला की आपण ‘सुटला बिचारा’ म्हणतो. तो शब्द पहिल्या ओळीलाच उघडा पडेल.

माडाच्या सावलीत

सर, नेमकं हेच मला सांगता येत नव्हतं. आपण ‘दिवा वाढवला’ म्हणतो तेव्हा बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही असतं. दोघं मिळून एक गोष्ट झाकतात, त्यात माया असते. जोनासच्या वस्तीत झाकलंय हेच कुणाला ठाऊक नाही. जे करतात त्यांना तरी ठाऊक आहे का? जोनासचा बाप दुष्ट नाहीये हो. घरी बाळाला खेळवणारा, हळवा माणूस. एका अशक्त बाळाला वर्षभर जास्त मिळावं म्हणून धडपडतो. मुलांना तो आवडलाय, म्हणून पुढे सगळ्यात जास्त राग त्याचाच येईल.

आमच्याकडचा एक मुलगा दशावतार बघत वाढलाय, त्याचे मामा काम करतात. तो म्हणाला, “जत्रेत राक्षस साधू होऊन येतो तेव्हा आपल्याला माहीत असतं, राजाला नसतं. इथे आपण पण राजाच.” नाट्यात्म उपरोध शिकवायला मी तीन पानं टिपण काढलं होतं, ते पिशवीतच ठेवलं. फक्त एवढं सांगितलं की दुसऱ्यांदा वाच, मग तू प्रेक्षकांत बसशील. तेव्हा बापाचा प्रत्येक विनोद अंगावर येतो.

चाकरमानी डोंबिवली

पुस्तक कालच मागवलं होतं. आज धागा उघडला आणि बापाने काय केलं ते वाचलं. धन्यवाद!!

खाजणातला बगळा

अहो, कंसात एवढं स्पष्ट लिहिलं होतं, मागे फिरा म्हणून.

चाकरमानी डोंबिवली

कोकणी माणसाला ‘तिकडे जाऊ नको’ सांगितलं की तो कुठे जातो ते तुम्हाला माहीत नाही? असो. आता पुढचं पण सांगा, अर्धवट कशाला.

भाऊसाहेब कुडाळ

मी महसूल खात्यात ३४ वर्षं कागद हलवले, आता निवृत्त. साहित्यातलं मला कळत नाही, पण शब्द सुचवतो. ‘कार्यमुक्त’.

‘श्री. अमुक यांना आज दिनांक तमुक रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे.’ हा कागद मी कितीतरी वेळा टाईप केलाय. बदली झाली, कार्यमुक्त. निवृत्ती झाली, कार्यमुक्त. पुढे माणूस कुठे गेला याची चौकशी त्या कागदात नसते. निवृत्तीच्या दिवशी हार, शाल, श्रीफळ, दोन भाषणं, समोसा. तुम्ही लिहिलंय ना, म्हाताऱ्यांचा आधी सोहळा होतो? मग हाच शब्द. कुणालाही संशय येणार नाही, कारण तो ऐकताना माणूस जागाच नसतो.

आणि बाळाला ‘कार्यमुक्त’ केलं म्हटलं की वाचणारा एक क्षण थांबेल. काल जन्मलेल्याला कसलं कार्य?

माडाच्या सावलीत

भाऊसाहेब. मी हे वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

खाजणातला बगळा

साहित्यातलं कळत नाही म्हणे! मी शस्त्र खाली ठेवतो. ‘निरोप’ सुचवणार होतो, गणपतीचा विचार करून, पण त्यात पुन्हा येण्याचं वचन आहे. ‘कार्यमुक्त’मध्ये काहीच नाही, कोरा कागद.

एक शंका. बारा वर्षांच्या पोरांच्या तोंडी शोभेल? मूळ शब्द अगदी साधा, रोजचा आहे. वस्तीतली चिल्लीपिल्लीसुद्धा खेळताना चिडवायला वापरतात.

भाऊसाहेब कुडाळ

शिक्षकाच्या आणि पोलिसाच्या घरातली पोरं वापरतात. माझ्या मुलीने तिसरीत असताना तुटकी बाहुली कार्यमुक्त केली होती. दर तीन वर्षांनी घर हलायचं, पोरं शब्द उचलतात.

तिलारीचा काठ

दोडामार्गातून राम राम. शब्दाचं तुम्ही बघा, मला दुसरं सांगायचंय. या पुस्तकातला हत्ती.

जोनासच्या लहान बहिणीचं झोपतानाचं खेळणं म्हणजे मऊ हत्ती. वस्तीतल्या लोकांना वाटतं हा प्राणी काल्पनिक, कुणीतरी रचलेला. पुढे म्हातारा जोनासला एक आठवण देतो. दातांसाठी मारलेला हत्ती, आणि दुसरा हत्ती येऊन त्याच्या अंगावर फांद्या घालतो, सोंडेने कुरवाळतो, ओरडतो. जोनास घरी येऊन बहिणीला सांगायला बघतो की हे खरे होते, एकेकाळी. ती ऐकून घेते आणि सोडून देते. प्रतीक कसं वापरावं याचा याहून चांगला नमुना मी वाचलेला नाही. आधी खेळणं म्हणून निष्पापपणे ठेवलं, शंभर पानांनी त्यातून रक्त काढलं.

पण आमच्याकडे गंमत उलटी. कर्नाटकातून हत्ती आमच्या भागात २००२ पासून येतायत. माझ्या पुतण्याने हे वाचलं आणि म्हणाला, “काका, ह्यांना हत्ती खोटा वाटतो? रात्री बागेत येऊन बघा म्हणावं.” केळी, माड, सगळं लोळवतात. त्याला हत्ती म्हणजे टॉर्च, फटाके आणि बाबांचा चढलेला आवाज. त्यामुळे मेलेल्या हत्तीच्या प्रसंगाला तो रडेल असं वाटलं होतं, पण गप्प बसला. दुसऱ्या दिवशी विचारतो, आपल्याकडच्या हत्तीला पण दुसरा हत्ती असाच फांद्या घालेल का? मी काय सांगणार. आमची एकाच वर्षात दोन केळीच्या बागा गेल्यात.

उकडा तांदूळ

इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, सावंतवाडी. मला ‘द गिव्हर’पेक्षा ‘द हंगर गेम्स’ जास्त आवडतं, २००८ चं, सुझन कॉलिन्सचं. तिथे देशाचं नावच युक्ती आहे. पानेम, म्हणजे लॅटिनमध्ये भाकरी. ‘भाकरी आणि खेळ’ देऊन लोकांना गप्प ठेवायची रोमन म्हण, त्यातला पहिला शब्द. देशाचं नाव घेतलं की अर्धी कथा सांगून झाली. आणि सगळं वर्तमानकाळात, प्रथमपुरुषात. गोष्ट सांगणारी नायिका जिवंत राहणार की नाही तेच ठाऊक नाही, कारण तीसुद्धा आत्ताच बघतेय.

इंग्रजीत हा प्रयोग वाटतो. मराठीत मात्र माझी आजी रोज असंच बोलते. ‘मी दार उघडते, बघते तर काय, म्हैस अंगणात!’ आपल्याकडे खरी थरारक गोष्ट वर्तमानकाळातच सांगतात. त्यामुळे मराठीत आणली तर ती जास्त घरची वाटेल.

अवांतर: ‘गिव्हर’मध्ये तो अ‍ॅशर आहे ना, जोनासचा मित्र, शब्दांची गल्लत करणारा? त्याचं ते स्नॅक आणि स्मॅक मराठीत कसं करणार, ताई?

माडाच्या सावलीत

छान आठवण केलीस. इतरांसाठी सांगते: अ‍ॅशर तीन वर्षांचा असताना खाऊ मागायला जातो आणि ‘स्नॅक’ऐवजी ‘स्मॅक’ म्हणतो, म्हणजे फटका मागतो. वस्तीचा नियम, शब्द अचूक हवा. म्हणून त्याला खरोखरच छडी मिळते. घाबरून पुन्हा चुकतो, पुन्हा छडी. शेवटी पोर काही काळ बोलायचंच थांबतं. हे सगळं हसत हसत सांगितलंय, सोहळ्यात, आणि सगळे हसतात. आपणही हसतो. नंतर लाज वाटते.

मी आधी ‘चपाती’ आणि ‘चापटी’ केलं होतं. बरं होतं. पण मुलांपुढे हा प्रश्न टाकला, तर नववीतला एक पोरगा, जो सहसा खिडकीबाहेर बघत असतो, म्हणाला, “बाई, घावन.” म्हणजे? “लहान पोराला पूर्ण म्हणता येत नाही. तो म्हणतो, घाव दे.”

ठेवलं तेच. अमेरिकेतल्या कादंबरीत घावन कुठून आलं असं कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. सोबत रस पण ठेवू का, असा विचार चाललाय.

तारकर्ली रापण

घाव दे!! मेल्या पोरान् कमाल केल्यान. त्येका एक पुस्तक बक्षीस माझ्याकडसून.

भाऊसाहेब कुडाळ

सोबत रस ठेवाच, नारळाचा आणि गुळाचा.

आता मूळ विषय. बाराव्या वर्षाच्या त्या समारंभाला काय म्हणताय? ‘बारावीचा समारंभ’ म्हणू नका, पोरांना बोर्डाची परीक्षा आठवेल. पण ‘बारा’ सोडूही नका. आपल्याकडे बारा या आकड्यात काय काय भरलंय बघा. बाराव्या दिवशी बारसं, नाव मिळतं. माणूस गेल्यावर बारावं. बारावीला आयुष्य ठरतं असं सगळे म्हणतात. वाईट वेळ आली की बारा वाजतात. आणि आमच्या खात्याचा सातबारा: सातात मालक कोण, बारात पीक काय. त्या वस्तीतही तसंच दिसतंय. सातचा पत्ता नाही, मालक कुणीच नाही, फक्त बारा. कुणात काय पिकवायचं ते वरून नोंदवलेलं.

(शेवटचं जरा ताणलंय, कबूल.)

कातळावरचं गवत

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. राजापूर तालुका.

मला हे पुस्तक जरा भाबडं वाटतं. सगळ्या वस्तीच्या आठवणी एका माणसात कशा राहतात, पाठीवर हात ठेवून कशा जातात, जोनास हद्द ओलांडून गेला की त्या परत लोकांकडे कशा येतात, कशाचंच स्पष्टीकरण नाही. रंग दिसणं बंद कसं केलं? सगळ्या टेकड्या कुणी सपाट केल्या? आमच्याकडे चौपदरीकरणात एक डोंगर कापायला किती पावसाळे गेले ते बघितलंय आम्ही.

आणि दुसरं. गोड शब्दांखाली भयानक गोष्ट लपवणं दाखवायला काल्पनिक वस्ती कशाला लागते? आमच्या तालुक्यात प्रकल्पांच्या नोटिसा वाचत मोठा झालोय मी. माणूस ज्ञान ‘संपादन’ करतो, यश संपादन करतो, आणि जमीनही संपादनच होते. ज्याची जाते तो ‘प्रकल्पग्रस्त’. ग्रस्त आपण ग्रहणाने होतो, रोगाने होतो. म्हणजे त्या शब्दात खरं थोडं सुटलंय बाहेर, कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

खाजणातला बगळा

पहिल्या मुद्द्यावर असहमत, दुसऱ्यावर टोपी काढतो.

पहिलं असं की हे पुस्तक यंत्र म्हणून वाचू नका, अन्योक्ती म्हणून वाचा, म्हणजे एकाचं नाव घेऊन दुसऱ्याबद्दल बोलणं. अन्योक्तीत बगळा कसा बोलतो असं आपण विचारत नाही. (मला तर विचारूच नका.) शिवाय निवेदन जोनासच्या खांद्यावरून होतं. तृतीयपुरुषी आहे, पण त्याला माहीत नाही ते आपल्यालाही सांगायचं नाही असा लेखिकेने नियम घेतलाय. त्याला टेकड्या कुणी पाडल्या ते ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही नाही. स्पष्टीकरण देणारा सर्वज्ञ निवेदक आणला असता तर तुमची शंका फिटली असती आणि पुस्तक मेलं असतं.

कातळावरचं गवत

हे पटलं नाही, पण उत्तरही सुचत नाही. तूर्त बरोबरी.

उकडा तांदूळ

बगळे सरांचं ते खांद्यावरून निवेदन वाचून एकदम लक्षात आलं. रंग! सुरुवातीच्या प्रकरणांत लेखिका रंगाचं नाव घेत नाही. जोनासला दिसत नाहीत ना. आपल्याला वाटतं, साधं लिहिलंय. मग तो सफरचंद फेकून झेलत असतो आणि हवेत ते क्षणभर ‘बदलतं’. काय बदललं ते त्याला सांगता येत नाही, कारण ‘लाल’ हा शब्दच त्याच्याकडे नाही. ताई, तुम्ही अनुवादात हे सांभाळलंय का?

माडाच्या सावलीत

तुझा प्रतिसाद वाचून माझी वही उघडली आणि कपाळावर हात मारला.

पहिल्याच पानावर: ‘तांबडं फुटायच्या आत’. तिसऱ्या पानावर: मुलं ‘हिरवळीवर’ बसली. पुढे ‘काळोख’ आहे, तो ठेवायचा की नाही देव जाणे. ‘चेहरा काळवंडला’ आहे. ‘पांढरपेशा’ आहे, तो का लिहिला मलाच आठवत नाही. मराठीत रंग विशेषणात राहतच नाहीत, नामांत आणि क्रियापदांत घुसून बसलेत. पहाट झाली म्हणायचं तरी तांबडं लागतं. काल रात्री दीड वाजेपर्यंत वहीतले रंग वेचत होते, तांदळातले खडे वेचावेत तसे. ‘उजाडायच्या आत.’ ‘गवतावर.’ ‘अंधार.’ ‘चेहरा उतरला.’

आणि मग सफरचंद. इतकं सगळं काढून टाकल्यावर तिथे ‘लाल’ लिहिताना हात थरथरला, खोटं नाही सांगत. म्हणजे तो शब्द जोनासला मिळतो त्या पानावर लिहिताना. सफरचंदापाशी नव्हे, तिथे अजून नाही. ही युक्ती मला पुस्तक तीनदा वाचून कळली नव्हती, पुसताना कळली.

मुलांना विचारलं, उद्या लाल दिसेनासा झाला तर काय जाईल? मला वाटलं जास्वंद, कुंकू म्हणतील. उत्तरं: रातांबे. पायाला लागलेली माती. कोळंबी शिजली की नाही ते कसं कळणार.

तिलारीचा काठ

कोळंबीचं खरं आहे.

ताई, बर्फाचं काय केलंत? जोनासला मिळणारी पहिली आठवण बर्फाची, टेकडीवरून घसरगाडीने खाली येण्याची. अमेरिकेतल्या मुलाला बर्फ ठाऊक असतो, त्यामुळे तो जोनासच्या पुढे असतो. ‘अरे वेड्या, हा बर्फ’ असं त्याला मनात म्हणता येतं. आमच्या पोरांनी बर्फ बघितलाय तो मासळीच्या पेटीत.

माडाच्या सावलीत

हो ना. तिथे आमची मुलं जोनासच्या बरोबरीने उभी होती, पुढे नव्हती. त्यांनाही ते थंड, मऊ, वरून पडणारं काहीतरी नवं होतं. एक म्हणाला, मासळी बाजारात फोडतात तसा का? मी म्हटलं, नाही, कापसासारखा. बोलले आणि कळलं की म्हाताऱ्याचं काम मी करतेय, आणि माझ्याकडेही आठवण उसनीच. मीही बर्फ फक्त सिनेमात पाहिलाय. तुमच्या पुतण्याकडे हत्ती जोनासहून जास्त, इथे बर्फ जोनासइतकाच. एकाच पुस्तकातला उपरोध सह्याद्रीच्या या बाजूला जागा बदलतो.

एक प्रसंग मात्र फसला, तोही सांगते. जोनास आईबापांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात, शब्द अचूक वापर म्हणतात. हा शब्द इतका मोघम की निरर्थक झालाय, असं त्याला समजावतात. मी गंभीर आवाजात वाचलं. मुलं खिदळायला लागली. म्हटलं, काय झालं? “बाई, आईला असं विचारलं तर ती पण विचारेल, ताप आलाय काय रे?” आमच्या घरांत हा शब्द कुणी बोलतच नाही. ‘जेवलास?’ म्हणतात. त्यामुळे प्रसंगाचा काटाच बोथट. मग बापालाच ‘अचूक’ करायचं ठरवलं. जोनास विचारतो, मी उपाशी राहिलो तर तुम्हाला जेवण जाईल का? आणि बाप समजावतो की प्रत्येकाचा आहार ठरलेला असतो. मूळापासून लांब गेले, मान्य आहे. सर रागावतील.

खाजणातला बगळा

रागावलो नाही. वहीत लिहून घेतलं.

चाकरमानी डोंबिवली

पुस्तक आलं, दोन रात्रींत संपलं. शेवट काय आहे हा? पोरगं बाळाला घेऊन पळालं, उपाशी, बर्फात. डोंगरावर त्याला घसरगाडी सापडते, तीच पहिल्या आठवणीतली. खाली दिवे, गाणं ऐकू येतं. मेला की पोचला? लोकलमध्ये दोन दिवस डोक्यात तेच.

कातळावरचं गवत

मेला. थंडीत गोठणाऱ्या माणसाला शेवटी उबदार वाटतं म्हणतात. दिवे, गाणं, सगळं भास. शिवाय त्या गाण्याबद्दल लेखिकाच म्हणते, कदाचित तो नुसता प्रतिध्वनी असेल.

उकडा तांदूळ

पोचला. लेखिकेनेच पुढे आणखी तीन पुस्तकं लिहिलीत, शेवटचं २०१२ चं. त्यांत तो आहे.

खाजणातला बगळा

ती पुस्तकं मी वाचणार नाही. लेखिकेला तिच्या कादंबरीचा शेवट बदलायचा हक्क आहे, मला न ऐकण्याचा.

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी. न्यूबेरी स्वीकारतानाच्या भाषणात लाउरीने सांगितलंय की तिच्या वडिलांची स्मृती जात चालली होती. तिची मोठी बहीण तरुणपणीच गेली होती. वडील फोटोतल्या मुलीला ओळखायचे, पण ती गेल्याचं त्यांना आठवायचं नाही. दुःख पुसलं गेलं तर माणूस सुखी होतो का, हा प्रश्न तिला तिथून मिळाला. म्हणून मला वाटतं शेवट उघडा ठेवणं ही युक्ती नाही, तिला खरोखरच उत्तर ठाऊक नव्हतं.

भाऊसाहेब कुडाळ

आमच्या सौ.च्या आईला दोन वर्षं असंच होतं. गेलेल्या मुलाचं ताट रोज मांडायच्या. आम्ही मांडू द्यायचो.

पोरांचं मत काय पडलं शेवटावर?

माडाच्या सावलीत

काल शेवटची बैठक झाली. सहा जण म्हणाले पोचला, तीन म्हणाले मेला. घावनवाला म्हणाला, घसरगाडी तिथे कुणीतरी ठेवली असणार, आपोआप येत नाही, तेव्हा आधी ते सांगा. अकरावी ती आठवीतली मुलगी, पहिल्या दिवशी झाकण उडवणारी. ती काहीच बोलली नाही.

‘कार्यमुक्त’ मी दुसऱ्या रविवारपासूनच घेतला होता. भाऊसाहेब, शब्द चालला. चित्रणाच्या प्रसंगापर्यंत कुणालाही शंका आली नाही, तिलासुद्धा नाही. आणि बापाने टाटा म्हटल्यावर वाचनालयात फक्त पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता.

आज सकाळी तिची आजी भेटली, तक्रार घेऊन. गटारीला घरचा कोंबडा कापला. संध्याकाळी तिचे बाबा कामावरून आले, विचारलं, “कोंबो खंय गेलो?” पोरीने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, “कार्यमुक्त झालो.” आणि स्वतः भात-सोलकढी खाऊन उठली.

आजी मला विचारतेय, “म्हंजे काय गो बाय? तुमी काय शिकवतास तरी काय थंय?”